डब्याचं सुतक

"ताई, ओ ताई! हातातलं तसंच ठेवा अन् भिंतीजवळ या. आमच्या ओट्यावर सुतक पडलंय, बगा तरी."

काकूंची हाक ऐकली अन् माझ्या हातातली गोधडी बादलीतच राहिली. दसरा काढायचे दिवस, दोन्ही घरांची अंथरुणं-पांघरुणं दोरीवर लोंबकळत होती. ती बाजूला सारून भिंतीवरून पाहते, तर काकूंच्या ओट्यावर खरंच तिघं जण मांडी घालून, माना खाली घालून बसलेले. एक आमचे काका. दुसरे काकांचे पूर्णेचे मित्र, ज्यांना अख्खी गल्ली भाऊजी म्हणते. तिसरा काकांचा जुना पोऱ्या. आता त्यालाच दोन पोरं आहेत, पण काकांच्या लेखी तो पोऱ्याच. अन् तिघांच्या मधोमध, पेपरावर, एक मळकट पांढरा प्लास्टिकचा डबा.

"कोण गेलं ओ काकू?" मी हळूच विचारलं.

"डबा गेला, टेलिफोनचा. सकाळी माळा काढायला लावला तर वरनं काय निघावं? पोतंभर वायर, टोपलीभर फोन अन् हे ध्यान. म्या म्हणलं, भंगारवाला गल्लीत आलाय तवर देऊन टाका. तर तुमचे काका त्याच्याच अंगावर गेले. 'याला किलोवर मोजायलास व्हय रे?' म्हणून. गेला बिचारा पळून. मंग ह्यांनी पूर्णेला फोन लावला, अन् भाऊजी पुढच्या गाडीनं हजर. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला दोन गाड्या चुकवल्या होत्या त्या माणसानं!"

ज्यांनी मोबाईलच्या आधीचं ऑफिस पाहिलं नाही, त्यांना हा डबा काय ते सांगायला हवं. कागदोपत्री त्याचं नाव ईपीएबीएक्स, पण मोंढ्यापासून दवाखान्यापर्यंत सगळे त्याला डबाच म्हणायचे. टेलिफोनची लाईन मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्या काळातली ही युक्ती. बाहेरून येणाऱ्या लाईनी तीन अन् आत टेबलं आठ. त्या तीन लाईनी आठ जणांना वाटून द्यायचं काम डब्याचं, म्हणून तो 'तीन-आठचा डबा'. आतल्या आत बोलायला पैसे पडत नसत. शून्य दाबलं की बाहेरची लाईन, नऊ दाबलं की ऑपरेटर.

आमच्या दवाखान्यातली नऊ नंबरची ऑपरेटर म्हणजे मी. डबा बसवला काकांनी, बोर्डावर बसले मी. काकूंशी ओळख झाली ती त्याच धाग्यानं. शेजार नंतरचा.

"पण काकू, बंद पडला म्हणून रडायलेत का?"

"बंद कुठं पडलाय? तेच तर नवल! लाईटीला लावला, एक फोन जोडला. टोन द्यायलाय! मलाच ऐकवला कानाला लावून. 'ऐक, ऐक, कसा खणखणीत हाय,' म्हणे. म्या म्हणलं, मंग सुतक कशाचं? तर म्हणे, कंपनीनं हात वर केले."

भिंतीपलीकडून भाऊजींनी हे ऐकलं. त्या माणसाचा कान टेलिफोन खात्यात तयार झालेला, गोधडीआडूनसुद्धा ऐकू येतं. तिथूनच म्हणाले, "पॅनासॉनिकनं 2022 ला जाहीर करून टाकलं ना ताई. ऑफिसच्या टेलिफोनचा धंदा आवरता घेतला. आता हा बिघडला तर कार्ड कुठून आणावं? दुसऱ्या मेलेल्या डब्यातून काढून ह्यात घालायचं, बस."

"एकट्या जपान्यांचं काय घेऊन बसलाव?" काका म्हणाले. "कॅनडाची नॉर्टेल बगा. 1895 पासून टेलिफोन बनवणारी कंपनी, 2009 च्या जानेवारीत दिवाळं काढून मोकळी झाली. तिथं आपल्या डब्याची काय कथा?"

नॉर्टेलचा एक स्क्रूसुद्धा परभणीत कुणी पाहिला नसेल. पण काकांच्या आवाजात असं काही होतं की कॅनडाहून सांत्वनाचं पत्र आलंय असं वाटावं.

काकू कपाळावर हात मारून माझ्याकडं वळल्या. "ऐकलंत? घरातला गॅस संपलाय ते ह्यांना ठाव न्हाई, कॅनडाचं ठाव हाय."

काकांचं दुकान एका गाळ्याचं, पण पसारा अख्ख्या जिल्ह्याचा. मानवत-सेलूच्या जिनिंग, जिंतूरच्या पतसंस्था, गंगाखेडचे लॉज, पाथरीच्या शाळा, मोंढ्यातल्या बड्या आडती. जिथं दोनपेक्षा जास्त टेबलं अन् एक मालक, तिथं काका पोचलेले. पॅनासॉनिक, सिंटेल, बीपीएल, वडोदऱ्याची मॅट्रिक्स, सगळ्यांचे डबे त्यांच्या हाताखालून गेले. भाऊजींचं काम खात्यातलं. खात्याचं 2000 सालच्या ऑक्टोबरात बीएसएनएल झालं, तरी ते खातंच म्हणतात. 31 जानेवारी 2020 ला देशभरातल्या 78 हजारांहून जास्त लोकांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन खुर्च्या सोडल्या, त्यातले ते एक. म्हणजे रस्त्यावरच्या पिलरपर्यंत लाईन आणायची भाऊजींनी, अन् तिथून पुढं साहेबांच्या टेबलापर्यंत न्यायची काकांनी. बिघाड झाला की दोघं एकमेकांकडं बोट दाखवायचे. सोयरीक तिथूनच जमली.

"बाहेरच्या डब्याच्या मागं काय रडायलाव?" भाऊजी काकांना म्हणत होते. "आपल्या सी-डॉटचं सांगा की ताईला."

मग मला सी-डॉट ऐकावंच लागलं. देशी एक्स्चेंज बनवायला 1984 च्या ऑगस्टात सरकारनं ही संस्था काढली. सॅम पित्रोदांनी 36 महिने अन् 36 कोटी मागून घेतले. परदेशातून आलेल्या मोठ्या एक्स्चेंजला एसीची खोली लागे. "आपल्या खेड्यात पंख्याला लाईट नव्हती, एसी कुठून आणावा?" भाऊजींचा सवाल. तेव्हा ह्या लोकांनी 128 पोर्टचं रॅक्स तयार केलं. खेड्यापाड्यासाठी बनवलेलं, एसीवाचून चालणारं एक्स्चेंज. पहिलं बसलं 1986 मधे, बेळगावकडच्या कित्तूरला. राणी चन्नम्माचं कित्तूर ते हेच. अन् रॅक्सच्या जोडीला त्यांनी ऑफिसासाठीचं 128 पोर्टचं पीबीएक्सही काढलं. त्याची विद्या स्वतःजवळ न ठेवता लायसन देऊन खाजगी कारखान्यांच्या हाती दिली. काकांसारख्यांचा धंदा त्यातून उभा राहिला.

"मे महिन्यात परभणीत माणूस बंद पडायचा," भाऊजी म्हणाले, "रॅक्स न्हाई."

"अन् पावसाळ्यात?" काकूंनी भिंतीवर कोपर टेकवून विचारलं.

भाऊजी गप्प. पावसाळ्याचा विषय टेलिफोनच्या माणसासमोर काढायचा नसतो. जमिनीतल्या केबलीत पाणी शिरायचं अन् अख्ख्या गल्लीचे फोन खरखरायला लागायचे. त्याला खात्याच्या भाषेत 'लो इन्सुलेशन'. आपल्या भाषेत काय म्हणायचे ते भिंतीवरून बोलण्यासारखं नाही. 198 ला तक्रार नोंदवायची, नंबर लिहून घ्यायचा अन् वाट पाहायची.

"ह्या केबलीचं नाव काढू नका माझ्यापुढं," काकू म्हणाल्या. "पाणी आत शिरू नये म्हणून त्यात जेली भरलेली असती. व्हॅसलिनवाणी, चिकट. ती ह्यांच्या शर्टावर, पँटीवर, दाराच्या कडीला, अन् एकदा तर लेकराच्या केसाला. साबणानं निघत न्हाई. राशनचं रॉकेल चुलीला कमी अन् ह्यांच्या बाह्यांना जास्ती लागायचं. तुम्ही दवाखान्यात इस्त्रीची साडी नेसून हॅलो-हॅलो करायच्यात ना, त्याच्यामागं माझं रॉकेल व्हतं."

मी काय बोलणार? खरंच होतं.

तेवढ्यात ओट्यावर परीक्षा सुरू झाली. काकांनी केबलीचा हातभर तुकडा सोलला, आतून रंगीत तारांचा झुपका बाहेर आला अन् पोऱ्याला म्हणाले, "म्हण." पोऱ्या चाळिशी ओलांडलेला माणूस, पण डोळे मिटून म्हणायला लागला : "व्हाईट-ब्लू, व्हाईट-ऑरेंज, व्हाईट-ग्रीन, व्हाईट-ब्राऊन, व्हाईट-स्लेट. रेड-ब्लू, रेड-ऑरेंज..." पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच एकीकडं. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे पाच दुसरीकडं. पाचा-पाचाच्या जोड्या लावल्या की पंचवीस जोड्या होतात, अन् प्रत्येक जोडी म्हणजे एक टेलिफोन. दोनशे जोड्यांच्या केबलीतसुद्धा डॉक्टरांची जोडी कोणती अन् शिपायाची कोणती, हे रंगावरून सांगता येतं.

मग काकांनी क्रोनचं टूल घेतलं. चपटं, पांढऱ्या दांड्याचं. तारेची जोडी पट्टीच्या खाचेवर ठेवली, टूल वर टेकवलं अन् तळहाताचा भार दिला. खट्ट! तार खाचेत बसली, उरलेलं टोक आपोआप कापून खाली पडलं. सोलायचं नाही, डाग द्यायचा नाही. पुन्हा एक जोडी. खट्ट! सत्तरीला आलेला हात, चहाचा कप धरताना कापतो. टूल धरल्यावर अजिबात कापत नव्हता. काकूंनीही ते पाहिलं. बोलल्या नाहीत, पण दोन खट्ट होईपर्यंत गप्प राहिल्या, अन् काकूंसाठी तेवढं गप्प राहणं पुष्कळ झालं.

"तार दातानं सोलायचे तवा हे," त्यांनी लगेच कसर भरून काढली. "सांगा की ताईला, सेलूच्या जिनिंगमधला पराक्रम."

काका हसले. चालू लाईनीवर 48 व्होल्ट असतात, ते कोरड्या हाताला कळतही नाहीत. पण रिंग वाजायला लागली की तिच्यावर 75 व्होल्टच्या आसपासचा एसी सोडलेला असतो. काका शिडीवर, तार दातात, अन् नेमका त्याच वेळी जिनिंगच्या शेठजींच्या सासूबाईंचा फोन आला. "रिंग मला ऐकूच आली न्हाई," काका म्हणाले, "थेट दाढेत वाजली."

"शेठजी म्हणत व्हते, माझी सासू सगळ्यांनाच झटका देती," पोऱ्यानं शेपूट जोडलं. शिडी तोच धरून उभा होता म्हणे.

आता बोर्डावरच्या गोष्टी निघाल्याच आहेत तर माझ्याही दोन-चार सांगते. एवढ्या वर्षांनी कुणाचं काही बिघडत नाही. ऑपरेटरला सगळं कळतं असं लोकांना वाटतं. सगळं नाही कळत, पण कोण कुणाला फोन लावतं अन् कोण 'आहेत म्हणून सांगू नका' म्हणतं, तेवढ्यावरून बाकीचं जुळवता येतं. डब्याला प्रिंटर जोडलेला असायचा. कोणत्या टेबलावरून, किती वाजता, कोणत्या नंबरला, किती मिनिटं, सगळी छापील चिठ्ठी निघायची. आमच्या कंपाउंडरच्या टेबलावरून रोज दुपारी साडेतीनला लातूरचा एकच नंबर. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी समोर धरली. पोरगं थरथरायला लागलं. पुढं त्याच नंबरच्या घरी त्याचं लग्न लागलं. डॉक्टरांनी अक्षता टाकल्या, अन् एसटीडीचे पैसे तेवढे पगारातून कापले.

मालकाच्या फोनला आणखी एक सोय असायची, बार्ज-इन. दोन जण बोलत असले की त्यांच्या मधेच शिरता यायचं. पण शिरताना लाईनीवर टूं असा आवाज व्हायचा, म्हणजे बोलणाऱ्यांना कळायचं की कुणीतरी आलंय.

"यंत्राला तेवढी तरी लाज व्हती," काकू म्हणाल्या. "आपल्या गल्लीत चोरून ऐकणाऱ्यांना तसला टूं बसवायला पायजे."

अन् होल्डवरची धून! माणसाला थांबवून ठेवलं की बऱ्याच डब्यांत तीच एक धून वाजायची, टिंटिंटिंटिं करत. पुढं माझ्या भाचीच्या कॅसिओवर तीच ऐकली तेव्हा कळलं, ती बेथोव्हेन नावाच्या जर्मन माणसानं 1810 च्या सुमारास रचलेली. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगीच नाही. जिंतूरहून फोन करणारा माणूस डॉक्टर लाईनवर येईपर्यंत जर्मनी ऐकत बसायचा.

"पण ताई," भाऊजी म्हणाले, "हे आपोआप चालणारं एक्स्चेंज मुळात निघालं कशापायी, ठाव हाय का? ऑपरेटर बाईच्या रागापायी."

अन् त्यांनी ट्रेनिंगात ऐकलेली गोष्ट सांगितली. अमेरिकेत कॅन्सस सिटीला स्ट्रॉजर नावाचा माणूस होता. धंदा काय, तर मयताची व्यवस्था बघायचा. गावात तसलाच धंदा करणारा आणखी एक जण, अन् त्याची बायको टेलिफोनच्या बोर्डावर. लोक फोन उचलून स्ट्रॉजर मागायचे अन् बाई आपल्या नवऱ्याला जोडून द्यायची, असा स्ट्रॉजरला संशय, असं सांगतात. खरं-खोटं ती बाई जाणे. पण चिडून ह्यानं बाईशिवाय नंबर जोडणारं यंत्रच काढलं अन् 1891 मधे त्याचं पेटंट घेतलं. पुढं अर्ध्या जगात त्याच्याच नावाची एक्स्चेंज बसली. आपल्या देशातलं पहिलं आपोआप चालणारं एक्स्चेंज 1913-14 मधे सिमल्याला आलं.

"म्हणजे मढ्याचं गिऱ्हाईक पळवलं म्हणून जगातल्या सगळ्या बायांच्या नोकऱ्या गेल्या?" काकूंनी हिशेब मांडला.

"सगळ्या कुठं? आमच्या ताईची तर ह्या काकांनीच घालवली," पोऱ्या बोलून गेला अन् जीभ चावली.

ओट्यावर एकदम शांतता. मला हसू आलं. गोष्ट खरी आहे, अन् ती सांगितल्यावाचून हे सुतक पुरं व्हायचं नाही.

दवाखान्याच्या मालकांनी एक दिवस काकांना बोलावून डब्यात नवीन कार्ड बसवून घेतलं. डीसा म्हणायचे त्याला. फोन आला की माणसानं उचलायचा नाही, डब्यानंच उचलायचा अन् बोलायचं : नमस्कार, अमुक दवाखान्यात आपलं स्वागत आहे, ओपीडीसाठी एक दाबा, मेडिकलसाठी दोन. आवाज कुणाचा भरायचा? काका म्हणाले, ताईचा. रोज तोच आवाज ऐकायची लोकांना सवय आहे. मी हौसेनं भरला. पंखा बंद केला, दार लावलं. पहिल्यांदा बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, दुसऱ्यांदा मलाच शिंक आली. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "वा! रेडिओवाणी." महिन्याभरात मालकांनी मला बिलाच्या खिडकीवर बसवलं अन् वर्षभरात घरी. माझा आवाज तिथं मागं राहिला, बिनपगारी. मी घरी बसून आमच्याच दवाखान्यात फोन लावला की मीच माझं स्वागत करायची.

अन् गंमत पुढंच आहे. खेड्यातल्या कितीतरी फोनांत तेव्हा पल्सची पद्धत. नंबर लावला की कट्-कट्-कट् असे ठोके जायचे. डीसाला हवा टोन, म्हणजे पीप-पीप. पल्सच्या फोनवरून एक दाबा नाहीतर दहा, डब्याला काही कळायचंच नाही. नातेवाईक दवाखान्यात येऊन तक्रार करायचे, "ते बाई निस्तं आपलंच बोलायली, आमचं ऐकूनच घेईना. किती हाका मारल्या!" मी खिडकीतून ऐकायचे. 'ती बाई मीच' हे कोणत्या तोंडानं सांगावं?

"ताई, तवा म्या..." काका उठून भिंतीजवळ आले. पुढचं वाक्य त्यांना जमेना.

"अहो, तुमचा काय दोष? तुम्ही नसतं बसवलं तर नांदेडच्या कुणी बसवलं असतं," मी म्हटलं. "पण एक विचारते. कार्ड बसवलं त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?"

"काय?"

"सुधारणा, म्हणालात. 'ताई, आता मोठ्या शहरावाणी सुधारणा झाली.'"

भाऊजी खो-खो हसले. पण त्यांचीही पाळी होती. मी विचारलं, "भाऊजी, एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, एसटीडी आली, तेव्हा ट्रंक बुकिंगवरच्या बायांचं काय झालं हो? 180 लावला की ज्या बोलायच्या?"

"त्यांना दुसऱ्या टेबलावर घेतलं."

"अन् तुम्ही काय म्हणालात?"

"सुधारणा," भाऊजी कबूल झाले.

मग पोऱ्याकडं मोर्चा वळला. तो आता सीसीटीव्ही अन् राउटर बसवतो. धंदा बरा आहे, गाडी घेतली. त्याला म्हटलं, ऑफिसात फोन आता कसे जोडतोस? म्हणाला, "ताई, आता डबाच नसतो. सगळं इंटरनेटवर. एक्स्टेंशन माणसाच्या मोबाईलातच. बिघडलं की ऑनलाईन तक्रार टाकायची. पुण्या-बेंगलोरात कुणीतरी बसून बगतंय. आमचं काम काय, तर राउटर बंद करून चालू करायचा. न्हाई जमलं तर बदलायचा."

"उघडून बगायचा न्हाई?" काकांनी जीव तोडून विचारलं.

"उघडला तर वॉरंटी जाती."

काकांनी डब्याच्या झाकणावरून हात फिरवला. त्यांच्या डब्याला चार स्क्रू. उघडलं की दिसायचं : हे लाईनींचं कार्ड, हे एक्स्टेंशनचं, हा पॉवर सप्लाय. जूनमधे वीज कडाडली की कोणत्या कोपऱ्यातला कोणता भाग जळतो ते पाठ. वासावरून कळायचं. लाईट गेली तरी पहिली लाईन आपोआप पहिल्या फोनला जोडली जायची, म्हणजे अंधारातसुद्धा दवाखान्याचा एक फोन जिवंत. बिघाड दिसायचा, त्यावर बोट ठेवता यायचं अन् बोट ठेवणाऱ्या माणसाला चहा मिळायचा. काकांचं दुःख नीट ऐकलं तर ते प्लास्टिकचं नाही. जिल्ह्यातल्या बिघाडाचा इलाज जिल्ह्यातच राहत होता, तो गेला ह्याचं आहे. ते दुःख मला पटतं. माझी नोकरी खाणाऱ्या डब्याचं असलं तरी पटतं.

"एक सांगू काका?" पोऱ्या म्हणाला. "आता कॅमेऱ्याचंबी तसंच व्हायलंय. आपला डीव्हीआर कसा चांगला व्हता. हार्ड डिस्क बदलली की झालं. आता लोक क्लाउडचे कॅमेरे मागायलेत. पोरंच मोबाईलवरून लावून घेतेत. त्या डीव्हीआरची मजा न्हाई..."

दोघी बायका अन् दोघे म्हातारे, आम्ही एकमेकांकडं पाहिलं अन् हसत सुटलो. पोऱ्याला कळेना काय झालं. चाळिशीतच त्याचं सुतक सुरू झालं होतं.

म्हणजे बघा : काकांना डब्याचं, भाऊजींना रॅक्सचं, मला बोर्डाचं, पोऱ्याला डीव्हीआरचं. आपली भाकरी ज्या यंत्रावर भाजली तेवढंच सोनं, त्याच्या आधीचं गेलं ती सुधारणा. स्ट्रॉजरच्या गावातल्या त्या बाईनंसुद्धा शेवटी असंच कुणाजवळ तरी भिंतीवरून रडून घेतलं असेल.

"अन् माझं काय?" काकू म्हणाल्या.

"तुमचं काय काकू? तुम्ही तर भंगारात द्यायला निघालात."

"भंगारात द्यायलेच. पण तुमच्या ह्या काकांना एक विचारा. दुकानात फोन उचलायला माणूस व्हता का?"

काका खाली पाहायला लागले.

"सगळ्या तक्रारी घरच्या फोनवर. हे जिंतूरला शिडीवर, अन् गंगाखेडचा लॉजवाला माझ्या कानात ओरडायचा. म्या काय केलं? सुरुवातीला लिहून ठेवायची. मंग ऐकून ऐकून कळायला लागलं. विचारायची : टोन येतोय का? न्हाई? बरं, आतल्या आत फोन लागतेत का? लागतेत? मंग डबा बरा हाय, तुमची लाईन गेलीय, 198 ला सांगा. आतलेबी लागंनात? मंग मागच्या बटनानं डबा बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. झाला चालू? ठेवा फोन, अन् मागच्या बिलाचे पैसे पाठवा."

"अर्ध्या तक्रारी तर हिच्याकडंच मिटायच्या," काका हळूच म्हणाले.

"हे आत्ता बोललाव. लोकांना मातूर सांगायचात, 'म्या फोनवरच दुरुस्त केलं' म्हणून."

भाऊजींनी पोऱ्याकडं पाहिलं, पोऱ्यानं भाऊजींकडं. पुण्या-बेंगलोरात बसून जे काम कुणीतरी पगार घेऊन करतं, ते काकू भाकऱ्या थापता थापता फुकट करायच्या. जिल्ह्यातलं पहिलं कॉल सेंटर आमच्या शेजारच्या स्वयंपाकघरात होतं अन् आम्हाला आज कळलं.

"मग काकू," मी म्हटलं, "हा डबा द्यायचा की ठेवायचा? आता हक्क तुमचा."

काकांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "ताई, मला एक सुचायलंय. ह्याला भिंतीला ठोकतो. एक फोन आमच्या स्वयंपाकघरात, एक तुमच्या. 101 तुम्ही, 102 ही. बिल न्हाई, रिचार्ज न्हाई. वायर तर पोतंभर हाय. असं उन्हात भिंतीशी येऊन ओरडायला नगं. मी अन् पोऱ्या दुपारपर्यंत जोडून देतो."

पोऱ्या उठलाही. भाऊजींनी क्रोनचं टूल हातात घेतलं. तिघांचे चेहरे असे उजळले, जणू पाथरीच्या शाळेची ऑर्डर आलीय.

काकूंनी शांतपणे विचारलं, "अन् 103 कुठं बसवणार?"

"103?" काका गडबडले. "ते... माझ्या खाटेजवळ. असाच. टेस्टिंगला."

"ऐकलंत ताई? 103 ह्यांच्या खाटेजवळ, अन् बार्ज-इनची सोय बी त्याच फोनला असणार. आपण दोघी बोलायलाव, अन् हे मधी शिरून कॅनडाच्या कंपनीचं सांगायलेत. टूं वाजो की न वाजो." त्यांनी दोरीवरची गोधडी खस्सकन ओढून झटकली. "भंगारवाला बुधवारी परत यायचाय. तवर गॅसचा नंबर लावा म्हणावं ह्यांना, आहे त्या मोबाईलवरून. अन् ताई, ती लातूरवाली, कंपाउंडरची बायको, ती आता कुठं असती ओ? ते तर सांगितलंच न्हाई तुम्ही."